तक्रारीची तारीख आणि सामन्याची तारीख

डिसेंबर २०२३ च्या अखेरच्या आठवड्यात ‘नंदिनी नगर’ हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत क्रीडापानावर आले. भारतीय कुस्ती महासंघाची निवडणूक २१ डिसेंबरला झाली आणि नव्या अध्यक्षांनी लगोलग जाहीर केले की पंधरा आणि वीस वर्षांखालील गटांच्या राष्ट्रीय स्पर्धा वर्ष संपण्याआधीच नंदिनी नगरला होतील. हे आमचे नंदिनी नगर नव्हे. आमची वसाहत छत्तीसगडातल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणींच्या काठी, अहिवाऱ्याला लागून आहे. बातमीतले नंदिनी नगर उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातले. तिथे महासंघाचे माजी अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांचे महाविद्यालय आहे, आणि महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून त्यांच्याविरुद्ध दाखल झालेला खटला त्या वेळी दिल्लीच्या न्यायालयात होता. २४ डिसेंबरला क्रीडा मंत्रालयाने नवी कार्यकारिणी निलंबित केली. दिलेल्या कारणांत या स्पर्धांची घाईने केलेली घोषणाही होती.

त्याच वर्षी हे नाव आधी एकदा येऊन गेले होते. १८ जानेवारी २०२३ रोजी विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया हे कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर धरण्याला बसले, आणि तीनच दिवसांनी गोंड्याच्या नंदिनी नगरात कुस्तीची राष्ट्रीय मानांकन स्पर्धा सुरू व्हायची होती. मंत्रालयाने ती थांबवली. म्हणजे एका वर्षात दोनदा असे झाले, की एकीकडे तक्रार उभी आहे आणि दुसरीकडे स्पर्धेची तारीख ठरलेली आहे. स्पर्धा तरी कुठे, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच अंगणात.

लैंगिक अत्याचाराच्या आरोपांना क्रीडासंस्था, विद्यापीठे, पोलीस आणि सरकारे कसे सामोरे जातात, या अभ्यासात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असाल, गावातल्या कबड्डी मंडळाचे कार्यकर्ते असाल किंवा रोज पहाटे मुलीला मैदानावर सोडणारे पालक असाल, इथे तुमचे मनापासून स्वागत आहे. या विषयाला पूर्वतयारी फार लागत नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. कोणतेही प्रकरण हाती आले की आधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात तक्रारीच्या तारखा: घटना कधी घडली, तोंडी कधी सांगितली गेली, लेखी कधी झाली, गुन्हा कधी नोंदला, ज्याच्यावर आरोप आहे त्याला पहिला प्रश्न कधी विचारला. दुसऱ्या रकान्यात खेळाच्या तारखा: निवड चाचणी, शिबिर, स्पर्धा, पुरस्कार, महासंघाची निवडणूक. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले की संस्थेने काय केले आणि का केले, याचा बराच उलगडा होतो. कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा न्यायालयाचा आहे. अभ्यासकाचा प्रश्न वेगळा असतो: चौकशी कुणी केली, त्याचे काय पणाला लागले होते, आणि घड्याळ कुणाच्या हाती होते?

या अभ्यासाचा मोठा भाग अमेरिकेत उभा राहिला, कारण तिथे महाविद्यालयीन खेळाडू हा खरोखरीचा तारा असतो. काही विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसे बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाच्या (अमेरिकी) फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. अशा ठिकाणी संघाचा प्रमुख खेळाडू आरोपी झाला की विद्यापीठ, शहर, पोलीस आणि वर्तमानपत्र या सगळ्यांचे हितसंबंध एकाच दिशेला झुकतात.

फ्लोरिडातल्या टॅलाहासीचे प्रकरण यासाठी नीट वाचण्यासारखे आहे. ७ डिसेंबर २०१२ रोजी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार केली. जानेवारीत तिने ज्याला ओळखले तो जेमिस विन्स्टन, विद्यापीठाच्या संघात नुकताच आलेला, मोठ्या अपेक्षा असलेला खेळाडू. त्या रात्री दोघे ज्या बारमध्ये होते तिथल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पोलिसांनी वेळेत घेतले नाही. काही आठवड्यांतच तपास थंडावला. प्रकरण सरकारी वकिलांकडे पोचले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, पत्रकार विचारणा करू लागल्यावर. ५ डिसेंबरला सरकारी वकिलांनी आरोप ठेवणार नसल्याचे सांगितले. तपासातल्या उणिवांबद्दल नापसंतीही व्यक्त केली. १४ डिसेंबरला विन्स्टनला महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइझमन करंडक, मिळाला आणि ६ जानेवारी २०१४ ला त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. विन्स्टनने आरोप कायम नाकारले. त्याच्यावर कधीही फौजदारी खटला चालला नाही आणि डिसेंबर २०१४ मधल्या विद्यापीठाच्या सुनावणीतही तो दोषी ठरला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मात्र विद्यापीठाने तक्रारदार विद्यार्थिनीशी साडेनऊ लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्या रात्री नेमके काय घडले हे आपण ठरवू शकत नाही, ठरवूही नये. पण ते ठरवण्याची जी साधने होती, चित्रण, साक्षीदार, ताज्या आठवणी, ती त्या अकरा महिन्यांत निसटली. त्याने नुकसान तिचे झाले आणि निर्दोषत्व ठामपणे सिद्ध करण्याची संधी गेली म्हणून त्याचेही झाले.

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात २०१६ साली दुसऱ्या प्रकारचा दोष उघड झाला. फुटबॉल विभागाने शिस्तभंगाची आपली वेगळीच व्यवस्था चालवली होती. तक्रारदार मुलींशी प्रशिक्षक मंडळी परस्पर बोलत आणि गोष्ट विद्यापीठाच्या चौकशी यंत्रणेपर्यंत पोचतच नसे. मुख्य प्रशिक्षकाला काढले गेले, कुलगुरूंना पद सोडावे लागले. तक्रार आधी कुणाच्या कानावर जाते, हे कुणी तपासलेच नव्हते.

स्टॅनफर्डच्या प्रकरणातली एक छोटी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जानेवारी २०१५ मध्ये विद्यापीठाच्या जलतरण संघातल्या ब्रॉक टर्नरला सायकलवरून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी शुद्ध हरपलेल्या एका तरुणीवर अत्याचार करताना पकडले. तो दोषी ठरला. जून २०१६ मध्ये त्याला फक्त सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती देणाऱ्या न्यायाधीशाला दोन वर्षांनी मतदारांनी परत बोलावले. त्या खटल्याच्या बातम्यांत त्याने कोणती शर्यत किती सेकंदांत पोहून पार केली, हेही छापून आले होते. पोहण्याच्या वेळेचा त्या गुन्ह्याशी काय संबंध? तरीही ती वेळ छापावीशी वाटली, आणि ज्यांनी छापली त्यांच्या मनात वाईट हेतू असेलच असे नाही. खेळाडूची ओळख त्याच्या कामगिरीवरून करून द्यायची सवय लागलेली असते. मराठी पत्रकारितेत येऊ पाहणाऱ्या तरुणांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. ‘उदयोन्मुख खेळाडूवर गुन्हा’ असा मथळा देताना उदयोन्मुख हे विशेषण कुणाची बाजू घेते, याचा विचार छापण्याआधी झाला पाहिजे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या महाविद्यालयीन खेळाडूला असले वलय नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे सामने बहुधा रिकाम्या बाकांसमोर होतात. म्हणून अमेरिकेतले चित्र जसेच्या तसे इथे लावले तर अभ्यास फसतो. आपल्याकडे सत्ता खेळाडूच्या वलयापेक्षा सही करणाऱ्याच्या हातात जास्त असते. शिबिराच्या यादीवरची सही, निवड चाचणीच्या निकालावरची सही, प्रमाणपत्रावरची सही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. रेल्वे, पोलीस, पोलाद कारखाने खेळाडूंना नोकऱ्या देत आले आहेत. भिलाईला हे वेगळे सांगायला नको. इथल्या मुलींच्या बास्केटबॉल संघांनी छत्तीसगडला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, आणि साध्या घरांतल्या मुलींसाठी खेळ हा नोकरीपर्यंत नेणारा रस्ता ठरला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या रस्त्यावर रोजीरोटी आहे त्या रस्त्याच्या नाक्यावर जो उभा असतो, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे किती जड जाते, हे त्या रस्त्याने चालणाऱ्यालाच कळते. २०२० साली माहितीच्या अधिकारातून समोर आलेली आकडेवारी सांगते की २०१० ते २०१९ या काळात भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी आल्या आणि त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. दहा वर्षांत, देशभरात, फक्त ४५. हा आकडा गुन्ह्यांचा आहे असे समजू नका. तक्रार करण्याचे धैर्य आणि संधी जितक्यांना मिळाली तितक्यांचा तो आकडा आहे.

नामवंत खेळाडू स्वतःच आरोपी होण्याची उदाहरणेही आहेत. भारतीय हॉकी संघाचे माजी कर्णधार संदीप सिंह हरियाणाचे क्रीडामंत्री असताना एका महिला प्रशिक्षिकेने त्यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. ३१ डिसेंबर २०२२ रोजी चंडीगड पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यांनी आरोप नाकारले, क्रीडा खाते सोडले, पण मंत्रिमंडळात ते राहिले.

हरियाणाचेच जुने प्रकरण मात्र या अभ्यासाचा पाया मानावे असे आहे. ऑगस्ट १९९० मध्ये पंचकुल्यात चौदा वर्षांच्या एका टेनिसपटूने तक्रार केली की हरियाणा लॉन टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने आपला विनयभंग केला. अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, पोलीस महानिरीक्षक. पुढच्याच महिन्यात राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या चौकशी अहवालाने गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली. लक्षात घ्या, यंत्रणेतल्या सर्वोच्च अधिकाऱ्याने महिन्याभरात आपले काम केले होते. त्यानंतर कागद थांबला. मुलीचे नाव शाळेतून काढले गेले, तिच्या भावावर गुन्हे दाखल होत गेले, १९९३ च्या अखेरीस तिने जीव दिला. गुन्हा नोंदला गेला डिसेंबर १९९९ मध्ये. तोवर राठोड स्वतः राज्याचे पोलीस महासंचालक झाले होते. डिसेंबर २००९ मध्ये ते दोषी ठरले तेव्हा शिक्षा झाली सहा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड. अपिलात ती दीड वर्षाची झाली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. या प्रकरणाच्या दोन रकान्यांत खेळाची तारीख जवळजवळ नाहीच. तिथे आहेत बढतीच्या तारखा. संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस अधिकारी एकच माणूस असला की तक्रारदाराने जायचे कुठे, हा प्रश्न पंचकुल्याने आपल्यापुढे ठेवला. क्रीडासंघटनांची सूत्रे राजकारण्यांच्या आणि सनदी अधिकाऱ्यांच्या हाती देण्याची आपली पद्धत लक्षात घेतली तर तो अजून सुटलेला नाही.

कुस्तीगिरांच्या प्रकरणाकडे या पार्श्वभूमीवर परत जाऊ. जानेवारी २०२३ च्या धरण्यानंतर सरकारने मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. पुण्याच्या माजी बॅडमिंटनपटू तृप्ती मुरगुंडे तिच्या सदस्य होत्या. समितीचा पूर्ण अहवाल जाहीर झाला नाही. महासंघात कायद्याने बंधनकारक असलेली अंतर्गत समिती रीतसर स्थापनच झालेली नव्हती, एवढा निष्कर्ष मंत्रालयाने एप्रिलमध्ये सांगितला. लैंगिक छळ प्रतिबंध कायदा येऊन तेव्हा दहा वर्षे होत आली होती. २१ एप्रिलला एका अल्पवयीन मुलीसह सात महिला कुस्तीगिरांच्या तक्रारी दिल्ली पोलिसांकडे गेल्या. गुन्हा नोंदला गेला २८ एप्रिलला, तोही कुस्तीगीर सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर.

या सात दिवसांवर थोडे थांबायला हवे. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले होते की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर त्याच वर्षी कायद्यात अशीही तरतूद आली की लैंगिक अत्याचाराच्या ठरावीक गुन्ह्यांची नोंद न करणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरेल. ऑलिंपिक पदक मिळवलेली, साऱ्या देशाला नावाने माहीत असलेली खेळाडू जिथे रस्त्यावर बसते, तिथे हा नियम अमलात यायला सर्वोच्च न्यायालयाची नोटीस लागली. तालुक्याच्या ठाण्यात एकटी जाणाऱ्या मुलीचे काय होत असेल, याची कल्पना करायला अभ्यासकाला आकडेवारीची वाट पाहायची गरज नाही.

पुढचा क्रमही नोंदवून ठेवतो. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलले. १५ जूनला दोषारोपपत्र दाखल झाले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीबाबत पोलिसांनी गुन्हा रद्द करण्याचा अहवाल दिला आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने तो स्वीकारला. प्रौढ महिलांच्या तक्रारींवर मे २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले. त्यातल्या एका तक्रारीपुरते ब्रिजभूषण आरोपमुक्त झाले. त्यांनी सगळे आरोप नाकारले आहेत. साक्षी मलिकने २१ डिसेंबर २०२३ ला, महासंघाच्या निवडणुकीचा निकाल लागला त्याच दिवशी, आपले कुस्तीचे बूट टेबलावर ठेवून निवृत्ती जाहीर केली. तक्रारीच्या बाजूने उभे राहण्याची किंमत खेळाच्या रकान्यात कशी मोजली जाते, याची ती नोंद.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळा दोष उशिराचा आहे, वेग वाढवला की न्याय झाला. हा समज गोव्याच्या एका प्रकरणाने खोडून काढला, आणि योगायोगाने तो निकाल कुस्तीगीर जंतरमंतरवर असतानाच, १२ मे २०२३ रोजी आला. गोवा विद्यापीठातल्या राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुखांविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या होत्या. विद्यापीठाच्या समितीने झपाट्याने बैठका घेतल्या, त्यांना दोषी धरले, नोकरीवरून काढले गेले. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की समितीने अवाजवी घाई केली आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. बडतर्फी रद्द झाली आणि प्रकरण मे २००९ च्या टप्प्यावर परत पाठवले गेले. चौदा वर्षे उलटून गेल्यावर! तक्रार करणाऱ्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. समितीने आरोपीचे ऐकून घेण्यात वाचवलेले काही आठवडे शेवटी त्या मुलींच्याच वाट्याला चौदा वर्षे होऊन आले. आरोपीला मिळणारी न्याय्य संधी ही तक्रारदाराच्या विरुद्ध असते, हा गैरसमज ज्याला दूर करायचा आहे त्याने हा निकाल मुळातून वाचावा. न्यायालयाने याच निकालात वर्तमानपत्रातल्या एका वृत्ताची दखल घेतली: देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत अंतर्गत समिती नव्हती. एका प्राध्यापकाच्या खटल्यात कुस्तीचा आखाडा असा येऊन पोचला.

अमेरिकेतल्या मिझूला शहराचा अनुभवही हेच सांगतो. माँटाना विद्यापीठ आणि तिथले पोलीस लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हलक्यात घेतात, म्हणून २०१२ साली केंद्रीय न्याय विभागाने चौकशी केली. जॉन क्राकाउअर यांनी त्यावर २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच गावात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा एक खेळाडू २०१३ साली खटल्यातून निर्दोष सुटला आणि विद्यापीठाने आपल्याशी अन्यायाने वागल्याच्या दाव्यात त्याला २०१६ मध्ये २ लाख ४५ हजार डॉलरची तडजोड मिळाली. एकाच संस्थेने तक्रारदारांची उपेक्षाही केली आणि आरोपीला न्याय्य वागणूकही दिली नाही, असे घडू शकते. माझ्या मते असेच जास्त वेळा घडते, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: संस्था स्वतःचे नाव वाचवत असते.

कायद्याची थोडी ओळख इथे करून देतो, पण ती आमच्या नंदिनी नगरच्या चौकात उभे राहून. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचे ठिकाण स्पष्ट शब्दांत घातले आहे, तिथे राहण्याची सोय असो वा नसो. तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असण्याची अट नाही. म्हणून इथली एखादी मुलगी कारखान्याच्या संघात खेळत असेल तर तिला कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जाता येते. महाविद्यालयाच्या संघात असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांखाली महाविद्यालयाच्या समितीकडे. चार-पाच माणसांनी चालवलेल्या खासगी क्लबात असेल, जिथे दहासुद्धा कर्मचारी नाहीत, तर जिल्हा पातळीवरच्या, म्हणजे दुर्गच्या, स्थानिक समितीकडे. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. पोलिसांत जाण्याची वाट यासोबत खुली असतेच. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि तिथे घटनेची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणणारा क्लबचा सचिव तिथे स्वतः गुन्हा करत असतो.

अनुदान आयोगाच्या नियमांतले दोन मुद्दे मला विशेष वाटतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरच्या व्यक्तींना समितीवर घेता येत नाही, कारण संस्थेचे नाव राखणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी चौकशी करू नये. हे शहाणपण क्रीडा महासंघांना कुणी लावले असते तर! दुसरा मुद्दा उणिवेचा. दोषी विद्यार्थ्यावर काय कारवाई करता येईल ते सांगताना नियम ग्रंथालय, सभागृह, वसतिगृह, शिष्यवृत्ती, ओळखपत्र अशा सवलतींची नावे घेतात. संघातली जागा त्या यादीत नावाने येत नाही. समितीला ती रोखता येणारच नाही असा याचा अर्थ नव्हे. पण चौकशी चालू असताना आरोपी खेळाडूने आंतरविद्यापीठ सामन्यात उतरावे की नाही, हा सगळ्यात कळीचा प्रश्न प्रत्येक महाविद्यालय आपापल्या सोयीने सोडवते आणि सोय नेहमी पुढच्या सामन्याची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरण, राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. तिचा कस अजून लागायचा आहे.

महाराष्ट्राने या अभ्यासाला दिलेली देणगी खेळाच्या मैदानाबाहेरची आहे, पण ती विसरून चालणार नाही. छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांविरुद्ध खटला चालला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा तर्क केला गेला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी निकालपत्र ओळीओळीने वाचले होते. ठाण्याच्या चार भिंतींत, गणवेशातल्या माणसासमोर, गरीब मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ संमती असा कसा होतो, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर पोलीस, तुरुंग किंवा रुग्णालयाच्या अधिकाऱ्याने केलेला अत्याचार वेगळा आणि अधिक गंभीर मानला गेला. निवासी शिबिरातला प्रशिक्षक आणि त्याच्या देखरेखीखालची सोळा वर्षांची खेळाडू यांचे नाते त्या चार भिंतींपासून किती दूर आहे? तिचे जेवण, झोप, फोन, घरी जायची सुट्टी, संघातली जागा, सगळे एका माणसाच्या शब्दावर. देसाईगंजच्या निकालावर चार अभ्यासकांनी जे वाचन केले तसे वाचन क्रीडा शिबिरांवर मराठीत व्हायचे बाकी आहे.

काम भरपूर आहे आणि माणसे थोडी आहेत, म्हणूनच नव्या वाचकाचे एवढे अगत्य. मराठीत खो-खो आणि कबड्डीच्या मंडळांचा इतिहास उत्साहाने लिहिला गेला. त्या मंडळांत मुलींच्या तक्रारी कोण ऐकत असे, हे जुन्या खेळाडूंना विचारून टिपणे राहिले. विचारताना घाई करू नका. नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिले तर ते छापताना, बोलताना, मित्रांत गप्पा मारतानाही पाळा. तक्रारदाराची ओळख उघड करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि छोट्या गावात नुसते वय आणि खेळ सांगितला तरी ओळख पटते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला दोषी म्हणू नका आणि जी तक्रार करते तिला खोटी म्हणू नका; तुमच्या हातात तारखा आहेत, तेवढ्या अचूक लिहा.

सुरुवात कुठून करायची, असे कुणी विचारले तर मी जिल्ह्याच्या कचेरीकडे बोट दाखवतो. प्रत्येक समितीने आपल्या कामाचा वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे द्यावा, असे कायदा सांगतो. कुणाचे नाव किंवा ओळख न मागता माहितीच्या अधिकाराखाली एवढे विचारता येते: दुर्ग, राजनांदगाव, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांत गेल्या पाच वर्षांत किती क्रीडासंस्थांनी असा अहवाल दिला, किती तक्रारी आल्या, त्यातल्या किती नव्वद दिवसांत निकाली निघाल्या, आणि स्थानिक समितीच्या किती बैठका झाल्या. अर्ज एका पानात मावतो, शुल्क दहा रुपये. उत्तर आले तर त्याचा तक्ता करावा. मुदतीत उत्तर आले नाही, तर अर्ज कोणत्या दिवशी दिला, पहिले अपील कोणत्या दिवशी केले आणि त्या काळात जिल्ह्यात कोणत्या स्पर्धा झाल्या, हे दोन रकान्यांत लिहून ठेवावे.